बोरकर चौकात वाचलेला कार्बन

बोरकर चौकात बसलेल्या नव्या सिग्नलवर मधुकरराव बारापात्र्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. सिग्नल हुशार आहे असं पेपरात आलं होतं, उद्घाटनाच्या भाषणात तीनदा सांगितलं गेलं होतं आणि खांबावरही तसं लिहिलं होतं. इतक्या ठिकाणी ज्याची हुशारी सांगावी लागते त्याला मधुकरराव सहसा घरात घेत नसत.

सिग्नलचं काम असं होतं. खांबावर चार कॅमेरे. ते चारही रस्त्यांवर नजर ठेवून असत. ज्या रस्त्यावर गाड्या जास्त, त्याला हिरवा दिवा जास्त वेळ. ज्या रस्त्यावर कोणीच नाही, त्याला थांबा. म्हणजे रिकाम्या रस्त्यासाठी बाकीच्यांनी गाड्या चालू ठेवून ताटकळायला नको, पेट्रोल जळायला नको, धूर व्हायला नको. इथपर्यंत मधुकररावांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती खांबाखालच्या पाटीची. त्या पाटीवर लाल अक्षरांत रोज झळकायचं : ‘हरितमार्ग प्रकल्प. या चौकात आज वाचलेला कार्बन : ४१२ किलो.’

मधुकररावांनी कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कोळशाचे नमुने घेतले होते. ट्रक आला की वर चढायचं, पाच ठिकाणचा कोळसा उचलायचा, तपासायचा, ओला असेल तर ओला लिहायचा, दगड असेल तर दगड लिहायचा. अशा माणसाला ‘किलो’ हा शब्द भर चौकात असा मोकळा सोडलेला पाहवत नाही.

“वजन केलं कोणी?” त्यांनी चौकातल्या वाहतूक शिपायाला, धम्मानंदला विचारलं.

“कशाचं, काकाजी?”

“कार्बनचं. चारशे बारा म्हणते तो. चारशे अकरा नाही, चारशे तेरा नाही.”

धम्मानंदने पाटीकडे पाहिलं. महिनाभर तो तिच्याखाली उभा होता, पण वाचायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. “वरून येत असन,” तो म्हणाला. सरकारी नोकरीतला माणूस वर म्हणाला की नक्की किती वर, ते विचारायचं नसतं, हे मधुकररावांना नोकरीतूनच ठाऊक होतं. ते घरी गेले आणि जुन्या डायरीत आकडा लिहू लागले. सोमवार ४१२. मंगळवार ४०९. बुधवार ४१५. आकडा रोज थोडासा हलत होता. पण वाढायचा तो जरासा आणि उतरायचा तोही जरासा, जसा पाठ केलेलं सांगणारा साक्षीदार मधेच एखादा शब्द मुद्दाम बदलतो.

मग एका गुरुवारी चौकात पाण्याची मोठी लाइन फुटली. सकाळी सहापासून चारही रस्ते बंद. चौकाच्या मधोमध चार कुत्री आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही. एक सायकलसुद्धा गेली नाही. संध्याकाळी मधुकरराव पायीच चौकात गेले. पाटीवर होतं : ४१८ किलो.

त्या आठवड्यातला तो सगळ्यात मोठा आकडा होता.

“कुत्रे झोपले म्हणून कार्बन वाचला,” घरी येऊन ते प्रेमिलाबाईंना म्हणाले. “उद्यापासून मी चौकात बसतो. गाड्या मोजतो.”

“कशाले?” प्रेमिलाबाई मेथी निवडत होत्या.

“खरं काय ते कळाले पायजे.”

“कोणाले?”

मधुकररावांनी हा प्रश्न फालतू ठरवला.

शेजारी नत्थूजी राहत. ते निवृत्त तलाठी. मोजणी हा शब्द कुंपणापलीकडून कानावर पडताच ते बनियनवरच आले. मोजणी कशी करावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. रकाने आडवे आखायचे, उभे नाही. पेन्सिल वापरायची नाही, खोडाखोडीचा आरोप येतो. दोन पंच पाहिजेत आणि त्यातला एक नात्यातला नको. दुसरा पंच म्हणून त्यांनी स्वतःचं नाव सुचवलं, मग आपल्याला उन्हाचा त्रास आहे हे आठवून मागे घेतलं. जाता जाता आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “मधुकरराव, पण एक सांगा. खरं काहून मोजून राहिले?”

“सांगितलं ना. कार्बन.”

“हाव, हाव,” नत्थूजी म्हणाले. चाळीस वर्षं लोकांनी त्यांना जमीन मोजण्याची जी कारणं सांगितली होती त्यातलं एकही खरं निघालं नव्हतं. ते शांतपणे घरी गेले आणि संध्याकाळच्या आत सगळ्या ले-आऊटमध्ये, म्हणजे अख्ख्या वसाहतीत, बातमी गेली की रस्ता रुंद होणार आहे आणि बारापात्र्यांना आतून खबर आहे.

पहिल्या दिवशी मधुकररावांनी आपली खुर्ची भैय्याजीच्या पानठेल्यासमोर मांडली. जागा मोक्याची होती. कोराडीकडून येणारा रस्ता सबंध दिसायचा : राखेचे ट्रक, कॉलनीच्या बस, दुचाक्या, दूधवाले. भैय्याजी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तासभर त्यांच्याकडे पाहत राहिला.

“काकाजी, काय लिहून राहिले?”

“गाड्या.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच.”

भैय्याजीचा हात थांबला. कोणी सांगितल्याशिवाय उन्हात बसून लिहिणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. जे पाहिले होते ते सगळे कोणी तरी पाठवलेले होते आणि त्यांच्यापाठोपाठ ठेला उचलणारी गाडी आली होती. “काकाजी, गिऱ्हाइकाले अडचण होते,” तो नम्रपणे म्हणाला, “जरा पुढं घेता काय खुर्ची?”

मधुकररावांनी खुर्ची पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिऱ्हाइकाला अडचण झाली. त्यांनी आणखी पुढे घेतली. तिसऱ्या दिवशी ते नालीच्या झाकणापलीकडे, म्हणजे सरळ डांबरावर, सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीजवळ डाव्या कडेला येऊन बसले. अपमान झाला होता, पण रस्ता आणखी चांगला दिसत होता. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेली मोठी काळी छत्री त्यांनी खुर्चीच्या पाठीला बांधली. ऊन बाजूनेही यायचं, म्हणून प्रेमिलाबाईंनी छत्रीच्या काड्यांना पलंगावरची पिवळी चादर अडकवून खालपर्यंत सोडून दिली. “तब्येत खराब झाली तं मले निस्तरा लागते,” एवढंच त्या बोलल्या.

त्या दिवसापासून मोजणीला रंग चढला.

मधुकररावांनी तीन रकाने ठेवले होते. एकात, एकूण किती गाड्या गेल्या. दुसऱ्यात, आपल्या बाजूने लाल दिव्यावर किती वाहनं उभी आहेत. तिसऱ्यात, हिरवा किती वेळ टिकला. आणि त्याच दिवशी सकाळी दहा बेचाळीसला, त्यांच्या बाजूच्या रस्त्यावर चिटपाखरू नसताना दिवा हिरवा झाला. झाला तो झालाच. एक मिनिट गेलं. दीड गेलं. बाकीच्या तिन्ही रस्त्यांवर गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले, राखेच्या एका ट्रकने असा धूर सोडला की समोरचं मेडिकल स्टोअर दिसेनासं झालं. हिरव्या दिव्याच्या रस्त्यावर मधुकरराव एकटे बसले होते. त्यांनी लिहिलं : ‘१०.४२ ते १०.४५. हिरवा. वाहने शून्य.’

खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. एवढा धूर, एवढी माणसं खोळंबलेली, एक म्हातारी बाई रिक्षात नाकाला पदर लावून बसलेली. आणि यांच्या मनात गुदगुल्या. हे बरं नाही, असं त्यांना वाटलं. वाटल्यावर त्यांनी पुढचं पान आखायला घेतलं.

दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी तेच. रिकाम्या रस्त्याला हिरवा, भरलेल्याला लाल. धम्मानंदला पुन्हा शिट्टी घेऊन चौकात उतरावं लागलं. घामाघूम होऊन तो त्यांच्याजवळ आला.

“महिनाभर नीट चाललं होतं, काकाजी. दोन दिवसांपासून पिसाळला हा. तुम्ही काही केलं नाही ना?”

“मी?” मधुकरराव म्हणाले. “मी तं जागेवरून उठलो पण नाही.”

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

एव्हाना चौकात त्यांची पत वाढली होती, आणि कशामुळे ते त्यांना कळत नव्हतं. कोपऱ्यावर शोभाताईंची पिठाची गिरणी. त्या कोणाला फुकटात पिठाची फुंकर देणाऱ्या बाई नव्हत्या. पाचव्या दिवशी त्या स्वतः तर्री-पोह्यांची ताटली घेऊन आल्या. सहाव्या दिवशी पुन्हा. मधुकररावांना भरून आलं. सत्यासाठी उन्हात बसणाऱ्या माणसाची अखेर कोणाला तरी किंमत आहे, असं ते मनाशी म्हणत होते. सातव्या दिवशी पोह्यांवर संत्र्याची फोडही होती.

“भाऊ,” शोभाताई पदराने घाम टिपत म्हणाल्या, “आमचा ओटा तेवढा वगळा नकाशातून. सासऱ्याच्या हातचा आहे.”

“कोणत्या नकाशातून?”

“असू द्या, नका सांगू. समजते मले. पण वगळा.”

मधुकररावांनी घास गिळला. पुढचे चार दिवस त्यांनी पोहे घेतले नाहीत आणि त्याचा अर्थ शोभाताईंनी असा घेतला की ओटा जाणार. त्यांनी वकिलाकडे चक्कर मारली. भैय्याजीने ठेल्याला चाकं बसवून घेतली. मेडिकलवाल्याने पायरीवर ठेवलेला फ्रीज आत ओढला. चौकातला प्रत्येक जण मधुकररावांकडे पाहत होता, मधुकरराव सिग्नलकडे पाहत होते, आणि सिग्नल कोणाकडे पाहत होता हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं.

डांबरावरच्या अकरा दिवसांची डायरी भरली तेव्हा त्यांनी खुर्ची घरी आणून सहा पानी तक्रार लिहिली. शीर्षक होतं, ‘बोरकर चौकातील वाचलेल्या कार्बनविषयी गंभीर शंका’. नत्थूजींनी ‘गंभीर’च्या आधी ‘अत्यंत’ घालायला लावलं.

तक्रार द्यायची कुठे हा निराळाच विषय निघाला. वॉर्डाच्या कार्यालयात बाईंनी पहिलं पान वाचलं आणि सांगितलं की खांब आमचा, पण दिवा वाहतूकवाल्यांचा. वाहतूकवाल्यांनी सांगितलं, दिवा आमचा, पण तो पेटवतो कॅमेरा आणि कॅमेरा कंपनीचा. कंपनीच्या ऑफिसात एका तरुणाने फार अदबीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की कॅमेरा आमचा, पाटी मात्र पर्यावरण कक्षाची. पर्यावरण कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे सांगितलं, पाटी आमची, तिच्यावरचा आकडा आमचा नाही.

“मग आकडा कोणाचा?” मधुकररावांनी विचारलं.

“तो येतो,” कक्षातले गृहस्थ म्हणाले.

“कुठून?”

गृहस्थांनी छताकडे पाहिलं. वर तिसरा मजला नव्हता, गच्ची होती.

या सगळ्या फेऱ्यांत एकच गोष्ट झाली. सहा पानांवर चार शिक्के बसले, आणि शिक्के बसलेला कागद कोणी फेकू शकत नाही. त्यामुळे आठ दिवसांनी हरितमार्गच्या नियंत्रण कक्षातून फोन आला. बोलणारी मुलगी होती. काजल निनावे, इंजिनिअर. “काका, तुमची डायरी घेऊन येता काय? मूळ डायरी. झेरॉक्स नको.”

मूळ डायरी म्हणताच मधुकररावांचा संशय जागा झाला. पुरावा हातातून काढून घेण्याची ही जुनी रीत. त्यांनी प्रेमिलाबाईंना पंच म्हणून बरोबर घेतलं. नात्यातला पंच चालत नाही असं नत्थूजी म्हणाले होते, पण डायरी पर्समध्ये घट्ट धरून बसण्याच्या कामाला दुसरं कोणी भरवशाचं नव्हतं.

कक्षात भिंतभर पडदे होते. काजल पंचविशीची, केस वर बांधलेले, डोळे जागरणाने लाल. तिने डायरी घेतली आणि वाचत राहिली. पानं उलटत होती, समोरच्या संगणकातले आकडे पाहत होती, पुन्हा पानं. अर्धा तास गेला. मधुकररावांना तिच्या वाचण्याची पद्धत आवडली. ती बेरजा तपासत होती.

“काका, तुम्ही एवढं बरोबर कसं मोजलं?” ती शेवटी म्हणाली. “आमच्या कॅमेऱ्याचा आकडा अन् तुमचा आकडा जुळते. गाड्यांचे एकूण आकडे तं दोन-चारचा फरक सोडला तर सेम. फक्त हा रकाना. लाल दिव्यावर उभी असलेली वाहनं. यात दर वेळी आमचं एक वाहन जास्त आहे. तुमचे सात, आमचे आठ. तुमचे बारा, आमचे तेरा.”

“आणि माझे शून्य?”

“आमचं एक.”

मधुकरराव खुर्चीत सरळ झाले. “तेच तं मी म्हणून राहिलो, पोरी. एक वाहन खोटं आहे. कोणीतरी घुसवलेलं आहे. त्या खोट्या वाहनासाठी हा सिग्नल हिरवा देते आणि अख्खा चौक धुरात बसते. घोटाळा आहे तो इथं आहे.”

“मले पण तेच वाटलं,” काजल म्हणाली. “म्हणून मी काल फुटेज काढलं. काकू, तुम्ही पण या इकडे.”

पडद्यावर बोरकर चौक आला. प्रत्येक वाहनाभोवती यंत्राने हिरवी चौकट काढली होती आणि वर नाव लिहिलं होतं. दुचाकी. कार. बस. सिग्नल हिरवा झाला, सगळी वाहनं गेली, रस्ता रिकामा झाला. एक चौकट मात्र जागेवर राहिली. डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीजवळ. आत काळं छत होतं, त्याखाली पिवळं अंग होतं, आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : ‘ऑटोरिक्षा. ९१ टक्के.’

प्रेमिलाबाई पडद्याजवळ सरकल्या.

“ही आपली चादर होय,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

काजलने अगदी हलक्या आवाजात समजावलं. यंत्राला वाटलं, एक ऑटो कधीची सिग्नलवर उभी आहे. ते तिच्यासाठी हिरवा देत होतं. ऑटो हलत नव्हती. मग यंत्राला वाटलं, वेळ कमी पडला असेल. ते आणखी देत होतं. दिवसभर, सकाळी नऊ ते सहा. मधुकरराव पडद्याकडे पाहत होते. पडद्यातली ऑटोरिक्षा मधेच एक हात बाहेर काढून डायरीत काहीतरी लिहीत होती आणि तिच्या पलीकडे तिन्ही रस्ते धुराने भरले होते. नाकाला पदर लावलेली ती म्हातारीही दिसली.

इतका वेळ आतल्या केबिनमधून ऐकत असलेले हरितमार्गचे साहेब आता बाहेर आले. त्यांनी चहा मागवला, आणि चहा आला तेव्हा मधुकररावांना कळलं की आता देवघेव आहे.

“बारापात्रे साहेब, तुमच्या निष्ठेचं कौतुक वाटतं,” साहेब म्हणाले. “तुमची पाटीवरची शंका... म्हणजे, तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही.”

“तो चारशे बारा मोजलेला नाही,” काजल मान खाली घालून म्हणाली. “प्रकल्प मंजूर व्हायच्या आधी अंदाज बांधला होता. प्रत्येक चौकाला तेवढाच. पाटी तोच दाखवते. रोज सारखा दिसू नये म्हणून थोडा वरखाली करते.”

“आणि गुरुवारचा चारशे अठरा?”

“तो वरचा होता.”

मधुकररावांना वाटलं होतं, हा क्षण आला की आपण उभे राहू आणि काहीतरी बोलू. ते बसूनच राहिले. पडद्यावर ते अजून ऑटोरिक्षा होते.

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पाटी लवकरच शांतपणे दुरुस्त होईल. छत्रीबद्दल अहवालात ‘बाह्य अडथळा’ असं लिहिता येईल, नाव नाही, गाव नाही. सगळं आपसात राहील. शिवाय येत्या कार्यक्रमात ‘जागरूक हरित नागरिक’ म्हणून शाल, श्रीफळ. बोरकर चौकातच. मांडव घालून.

मांडव म्हटल्यावर मधुकररावांच्या डोळ्यांसमोर मांडव आला. नत्थूजी पहिल्या रांगेत. भैय्याजी टाळ्या वाजवतोय. ते किती वेळ त्या मांडवात होते कोणास ठाऊक. प्रेमिलाबाईंनी डायरी परत पर्समध्ये टाकून चेन लावली, तेव्हा ते परत आले.

“मॅडम,” ते काजलला म्हणाले, आणि मघाची पोरी एकदम मॅडम झाल्याने ती दचकली, “मी बसायच्या आधी या सिग्नलनं खरंच काही वाचवलं होतं काय? वरून आलेलं नाही. मोजून.”

“हो काका. मी स्वतःच काढून पाहिलं होतं, कोणी विचारलं नव्हतं. गाड्या किती, थांबल्या किती सेकंद, त्यातून जळालेलं पेट्रोल. दिवसाला साधारण एकाहत्तर किलो.”

“एकाहत्तर.” त्यांनी तो आकडा मनात तोलून पाहिला. वजनदार वाटला. “आणि मी रस्त्यावर बसलो ते अकरा दिवस?”

काजलने साहेबांकडे पाहिलं. “वाढला. सिग्नल नव्हता तेव्हापेक्षाही रोज अडतीस किलो जास्त.”

“लिहा मग,” मधुकरराव म्हणाले. “पाटीवर एकाहत्तर लिहा. आणि त्या अकरा दिवसांपुढं अडतीस जास्त लिहा, कारणासकट. बाह्य अडथळा नाही. माझं नाव टाका. कोळसा ओला असला तं मी चौतीस वर्षं ओला लिहिला. आता स्वतःचा आला म्हणून कोरडा लिहू काय?”

साहेबांनी बराच प्रयत्न केला. पण डायरी मूळ होती, तक्रारीवर चार शिक्के होते आणि पर्स प्रेमिलाबाईंच्या मांडीवर होती. शेवटी त्यांनी सही केली. मांडवाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सोमवारी पाटीवर ७१ झळकलं. खांबाला एक कागदही चिकटवला होता. तक्ता होता तारखांचा, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. सरकारी तक्त्यात एकदा लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण ओढायची सोय असते, पण काजल बेरजा तपासणारी मुलगी होती. तिने अकराही ओळींत पूर्ण लिहिलं होतं : ‘कार्बन वाढ ३८ किलो. सदर दिवशी श्री. म. बारापात्रे बसले होते.’ ‘कार्बन वाढ ३८ किलो. सदर दिवशी श्री. म. बारापात्रे बसले होते.’ दुपारपर्यंत त्या कागदाचा फोटो ले-आऊटच्या ग्रुपवर फिरून मधुकररावांच्या स्वतःच्या फोनवर तीन वेळा आला.

चार दिवस त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी दूध संपलं. चौकात सगळ्यांनी त्यांना पाहिलं. शोभाताईंनी गिरणी थांबवली. रस्ता रुंद होणार नाही, बारापात्रे फक्त ऑटोरिक्षा होते, हे कळल्यापासून त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. वकिलाची फी तेवढी मनाला लागून राहिली होती.

“खरंच कार्बनच मोजत होते काय हो भाऊ?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“दुसरं काहीच नाही?”

“नाही.”

शोभाताईंनी हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाल्या, “सासऱ्याचा पण असाच स्वभाव होता. पोहे ठेवले आहेत, खाऊन जा.” नत्थूजी मात्र बधले नाहीत. स्वतःच्या विरुद्ध कागद स्वतःच लावून घेणारा माणूस त्यांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता, तेव्हा यामागे काहीतरी मोठं असणार, असं ते आजही कुंपणाजवळ उभं राहून सांगतात.

पंधरा दिवसांनी काजल स्वतः घरी आली. यंत्राला नव्याने शिकवलं होतं. आता तपासायचं होतं, आणि तपासायला तीच छत्री, तीच चादर आणि तोच माणूस लागणार होता. मधुकररावांनी स्पष्ट नकार दिला. प्रेमिलाबाईंनी तोवर चादर घडी करून पिशवीत भरली होती.

सकाळचं कोवळं ऊन होतं. भैय्याजीने न सांगता खुर्ची मांडून दिली, त्याच जागेवर. धम्मानंद शिट्टी तोंडात धरून तयार उभा राहिला. मधुकरराव बसले, मान ताठ ठेवून. सिग्नल बदलत राहिला. समोरून गाड्या आल्या, हिरवा झाला, गेल्या. त्यांचा रस्ता रिकामा झाला आणि क्षणात लाल पडला. यंत्राने त्यांच्यासाठी एक सेकंदही काढला नाही. पलीकडची बस न थांबता निघून गेली, धूर न करता. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं, आणि आपल्याला नेमकं काय टोचतंय ते मधुकररावांना कळेना.

काजल मांडीवरच्या संगणकात पाहत होती. “ओळखलं काका. माणूस आहे म्हणते तो.”

“टक्के किती?”

ती जरा घुटमळली. “अडुसष्ट.”

“म्हणजे उरलेले बत्तीस?”

“ते अजून त्याले नक्की समजलं नाही.”

मधुकररावांनी खिशातून पेन काढलं आणि डायरीत वेळ टाकून लिहून घेतलं. प्रेमिलाबाई रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या दोन पावलं पुढे आल्या.

“त्या मशीनले म्हणा, घाई करू नको,” त्या काजलला म्हणाल्या. “मले सदतीस वर्षं झाली.”